होळीले घेऊन येजो

आमच्या दवाखान्यातल्या लहान पोरांच्या वॉर्डाला सगळे दूधखोली म्हणत, पण तिथं दुधापेक्षा तेलाचाच वास जास्त यायचा. दुधाची पावडर, साखर, गोडं तेल आणि उकळून कोमट केलेलं पाणी असं सगळं जर्मनच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घालून माझी आई लाकडी रवीनं घुसळत बसायची. तेल वर तरंगलं तर पोरं ओकतात, म्हणून ते दुधात पुरतं जिरेपर्यंत हात थांबवायचा नाही, असा तिचा नेम. त्या रवीचा घर्रघर्र आवाज पार आमच्या क्वार्टरपर्यंत यायचा. लोकांच्या घरी कोंबडा आरवला की दिवस उगवतो, आमच्याकडं रवी वाजली की. मी गोधडीत पडल्या पडल्या म्हणायचे, "झाली सुरू शेवंताबाईची गिरणी!" आणि कूस बदलायचे. आता सकाळी सुनेचा मिक्सर सुरू झाला की मी अजूनही अर्धवट झोपेत उठून बसते. सून म्हणते, "आई, झोपा ना, अजून उजाडलं नाही." तिला काय सांगावं?

दवाखाना मिशनचा होता, मूर्तिजापूर आणि अमरावतीच्या मधल्या रस्त्यावर. नाव मुद्दाम घेत नाही. तिथली आताची माणसं वेगळी आहेत, त्यांना उगाच कशाला त्रास. एका बाजूला टीबीच्या माणसांची लांबट खोली, तिथून खोकल्याची आवर्तनं चालायची. पेरणीच्या दिवसात साप चावलेले लोक बैलगाडीतून यायचे, कधी भाजलेली बाई यायची आणि मग दोन-चार दिवस कोणी मोठ्यानं बोलत नसे. सकाळी प्रार्थनेचं गाणं व्हायचं. मोठ्या सिस्टर नगरकडच्या. त्यांना आमचं मले-तुले ऐकलं की कपाळाला आठी पडायची. "शेवंताबाई, पेशंटशी जरा गोड बोलत जा." आई म्हणायची, "सिस्टर, मी गोडच बोलून राहिली, तुमाले ते तिखट लागते त्याले मी काय करू?" आमच्या घरात बुद्धाची तसबीर, रविवारी वंदना, आणि नाताळात सिस्टरांकडून आलेला केकही त्याच फळीवर ठेवलेला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाबा मूर्तिजापूरला रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे, आणि मधल्या वेळात मोजून चार वाक्यं बोलायचे. त्यातलं एक "मीठ कमी हाये" हे असायचंच. माझ्या आधी मला एक भाऊ होता. तो हगवणीनं गेला, गावी, दवाखाना लांब असताना. आई त्याचं नाव कधी काढत नसे. पण नव्या ओळखीच्या बाईनं विचारलं की लेकरं किती, तर पटकन "दोन" सांगायची, आणि समोर मी एकटीच उभी असायचे. बाई इकडंतिकडं बघायची. मला त्याचा फार राग यायचा तेव्हा. आता नाही येत.

त्या वर्षी मी मॅट्रिकला गणितात आपटले होते. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत घरीच होते, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून खिडकीतून रस्ता बघत होते. आईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कानाला धरून दूधखोलीत नेलं. "घरी बसून भिंती चाटण्यापरस चमचे धू." असा माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचा श्रीगणेशा चमचे धुण्यानं झाला.

मेळघाटातल्या गावांमधून मिशनची जीप पोरं घेऊन यायची. पोरं म्हणजे काय, कातडीची पिशवी आणि आत चार काड्या. नाहीतर उलट, पाय टम्म सुजलेले, बोट दाबलं की खड्डा पडायचा. पहिल्यांदा मी एकाला उचललं तेव्हा वजनच लागलं नाही हाताला आणि मी घाबरून त्याला परत ठेवलं. आईचा स्वभाव असा की जेवढं पोर मरतुकडं, तेवढं त्याला वजनदार नाव द्यायचं. एक ठाणेदार होता, एक तहसीलदार, एक रामपूरचे पाटील. "आज ठाणेदारानं आखी वाटी संपवली वं!" असं ती वऱ्हांड्यातून ओरडली की टीबीच्या खोलीतले म्हातारेसुद्धा हसायचे. त्यांच्यातला एक तर रोज विचारायचा, "तहसीलदार साहेब दौऱ्यावर निंगाले काय?" म्हणजे, रांगायला लागला काय.

दर दोन तासांनी थोडंथोडं पाजायचं, वाटीचमच्यानं. नियम असा होता की पोराला त्याच्या आईनंच पाजायचं, बाकीच्यांनी फक्त जवळ बसायचं. पण डोंगरातल्या त्या बायांना रडतं पोर धरून पाजणं पटायचं नाही. पोरानं तोंड फिरवलं की त्या चमचा खाली ठेवायच्या. नाही म्हणतंय ना, मग नको. एकेका वाटीला तास जायचा, तोवर पुढच्या वाटीची वेळ. आई दारात कमरेवर हात ठेवून बघायची, बघायची, आणि मग तिला राहवायचं नाही. "आण इकडं!" पोर त्या बाईच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर, मान डाव्या कोपरात, चमचा ओठाच्या कडेला, आणि तोंडानं अखंड बडबड. "खाय माय, खाय, कोणाच्या बापाचं हाये, मिशनचं हाये, खाय." बघता बघता वाटी रिकामी. सिस्टर कौतुकानं म्हणायच्या, "शेवंताबाईंच्या हाताला यश आहे." होतंच. त्यामुळं सगळी हट्टी पोरं हळूहळू आईच्या मांडीवर गेली आणि त्यांच्या आया वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसू लागल्या. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. त्या आपापल्याच उठून गेल्या, आणि आम्हाला ते चांगलंच वाटलं, कारण खोलीत गर्दी कमी झाली.

सुगंती अशीच जीपमधून आली. माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, पोटात दुसरं, नव्हे तिसरं. मोठा मुलगा सासूपाशी होता. कडेवर दीड वर्षाची मुलगी. पाय सुजलेले, मांडीची कातडी सोललेली, केस मक्याच्या कणसाच्या झिपऱ्यांसारखे तांबूस. रडत नव्हती. अशी पोरं रडत नाहीत, तेच वाईट असतं. नुसती भुवया आवळून आमच्याकडं एकेकाला बघत होती. आई म्हणाली, "अरे बाप्पा! हे तर कलेक्टरीणबाई आल्या. पाह्य कशी आपलीच चौकशी लावून राहिली!" सुगंतीला आमची भाषा फारशी येत नव्हती, पण कलेक्टर हा शब्द तिला माहीत होता. ती तोंडावर पदर घेऊन हसली.

नळावर कपडे धुताना तिची माझी ओळख झाली. तिनं मला पाण्याला त्यांच्या कोरकूत काय म्हणतात ते शिकवलं, डा. मी बादली उचलून "डा, डा" करत वॉर्डभर फिरले आणि ती हसून बेजार. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, तरी आमचं बरं चालायचं. मुलीला पाजताना ती अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणायची. गाणं होतं की नुसतं बोलणं, मला कळलं नाही. मुलगी ऐकत राहायची आणि दूध ओठावरून खाली जायचं. मग आई म्हणायचीच, "आण इकडं."

पाऊस धरायला लागला तसा तिचा नवरा आला. सासू आजारी, पेरणी अंगावर, आणि आत्ता निघालं नाही तर मधले नाले चढतील. सुगंतीनं मुलीला पाठीला बांधायला घेतलं. सिस्टर आडव्या आल्या. "आत्ता नेलीस तर वाटेतच जाईल ती." खोटं नव्हतं ते. नवरा बाहेर जाऊन विडी ओढत बसला. सुगंती बराच वेळ खाटेपाशी उभी राहिली, मग मुलीला आईच्या मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "हफ्ते में आती." आणि गेली. त्या पावसाळ्यात डोंगरातले रस्ते बंद झाले ते झालेच. आमची जीपसुद्धा दोनदा अर्ध्यातून परत आली.

मग ते दिवस सुरू झाले, जे मला आजही आठवले की आधी आनंदच होतो, आणि मग त्या आनंदाची लाज वाटते. मुलीच्या पायांची सूज उतरली. सूज गेली तशी आधी आणखीच वाळकी दिसायला लागली, आणि मग एक दिवस गालाला गाल आले. केसांची मुळं काळी व्हायला लागली. एका सकाळी मी तिच्यासमोर चमचा नाचवत होते आणि ती खुदकन हसली. आई गंजापाशी होती, तिनं रवी सोडून दिली. "हसली? खरं सांग, हसली?" आणि मोठी माणसं रडतात तशी नव्हे, पदरात तोंड खुपसून पोरीसारखी रडली माझी आई.

बाकी पोरं बरी होऊन घरी जायची, हिला न्यायला कोणी येत नव्हतं. सुटीच्या दिवशी आई तिला क्वार्टरवर आणू लागली. पुढं पुढं रोजच. सिस्टरनं कानाडोळा केला. आमच्या घरात चुलीपाशी तिचा पाट आला. गरम भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर तेलाचं बोट फिरवून आई तिच्या हातात द्यायची. तुरीच्या शेंगा उकडल्या की ती दाण्याकडं बघून दोन्ही हात पुढं करायची. बोलायला लागली ती आमच्याच घरात. पहिला शब्द "दे". मग "मले दे". मग "मले अजून दे". आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया तिचं मले-दे ऐकायला यायच्या. आई तिला शिकवायची, "बोल, सिस्टर काहून वं रागावली?" आणि ती सिस्टरसमोर तस्संच बोलायची. सिस्टरही हसायच्या. बाबांचं तर विचारूच नका. शनिवारी येताना खिशात लाह्या, फुटाणे, एकदा तर रबराचं बदक. तिला खांद्यावर बसवून छोट्या गाडीच्या गोष्टी सांगायचे, आणि मी बघत राहायचे, की हा माणूस इतकं बोलू शकतो तर माझ्याशी काहून नाही बोलला? ती आईला आई म्हणायची. कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणायचे तेच ती म्हणायची.

आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही, की पोरगी बोलायला लागली ती तिच्या आईला न कळणाऱ्या बोलीत. मोठ्या सिस्टर शिकलेल्या, डॉक्टर शिकलेले, आम्ही निदान मॅट्रिकपर्यंत तरी गेलेलो. वजन रोज बघत होतो सगळे. हे कोणी बघितलं नाही.

दसरा झाल्यावर सुगंती आली. पाठीला झोळीत नवं बाळ, मुलगा, नाव शालिक. हातात नव्या बांगड्या, डोक्यावर कुटकीचं, त्यांच्या डोंगरातल्या बारीक धान्याचं, गाठोडं, सिस्टरसाठी. निम्मी वाट चालत आली होती. दूधखोलीच्या दारात ती थांबली आणि तिला आपली मुलगी ओळखूच येईना. मी दाखवली, "हे काय, हेच." सुगंतीचा चेहरा मला अजून दिसतो. तोंडावर दोन्ही हात घेतले तिनं, आणि मग धावत जाऊन मुलीपुढं बसली आणि बोलत सुटली, भरभर, तिच्या भाषेत, पावसाळाभरचं साचलेलं सगळं. मुलगी माझ्या आईच्या लुगड्यात शिरली. सुगंतीनं हात धरला तशी किंचाळली, "आई! हे बाई नाई पायजे!"

सुगंतीला आमची भाषा येत नव्हती, पण आई आणि बाई हे दोन शब्द येत होते. तिनं हात सोडला.

सिस्टर म्हणाल्या, होतं असं, दोन दिवसांत येईल अंगावर. सुगंतीला मुलीजवळच झोपायला खाट दिली आणि आईला सांगितलं, शेवंताबाई, तुम्ही दूधखोलीकडं फिरकायचं नाही. योग्यच होतं त्यांचं. आईला टीबीच्या खोलीत झाडायला पाठवलं. पण रडणं भिंतीतून येतं, त्याला काय करणार. सुगंतीच्या हातून मुलगी दूध घेईना, भाकर घेईना, पाणीसुद्धा घेईना. सुगंती तेच जुनं हळू आवाजातलं म्हणायची, पण आता मुलगी कानावर हात ठेवायची. घशाला कोरड पडेपर्यंत रडायची आणि मग निपचित पडायची. गाल पुन्हा उतरले. आई घरी येऊन चुलीपुढं बसायची आणि भाकर करपली तरी तिला कळायचं नाही. मी म्हटलं, "आई, तू जा ना एकदा." ती माझ्यावर खेकसली, "गप बैस! ते तिची माय हाये. मी कोन?" आणि लगेच, "आज काही खाल्लं काय तिनं? पाह्यलं तू?"

असं आठवडाभर चाललं असेल. एका दुपारी सुगंती आमच्या दारात आली. आई वांगी भाजत होती, घरभर धूर. सुगंतीच्या पाठीला शालिक, कडेवर मुलगी, मान टाकलेली. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच बसली. आई उठली नाही. मुलीनं मात्र डोळे उघडले आणि आईला बघून दोन्ही हात पुढं केले, तुरीच्या दाण्यांसाठी करायची तसे.

सुगंती म्हणाली, "बाई, तू रख इसको."

आई म्हणाली, "काय बोलून राहिली तू? असं बोलू नये."

"मेरे पास मरती. तेरे पास जीती. तू रख."

मी आईकडं बघितलं. आईच्या हातातलं वांगं राखेत पडलं होतं. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिनं फक्त हात पुढं केले, आणि मुलगी सुगंतीच्या कडेवरून तिच्याकडं झेपावली आणि तिच्या गळ्यात तोंड घालून गप्प झाली. आठवडाभरात पहिल्यांदा गप्प झाली. घरात एवढी शांतता झाली की वांग्याची साल तडकलेली ऐकू आली. सुगंतीनं ते सगळं बघितलं. मग ती म्हणाली, आणि हे तिनं आमच्या बोलीत म्हटलं, वाटेत कोणाला तरी विचारून पाठ करून आली असावी, "होळीले घेऊन येजो." होळी त्यांचा मोठा सण. कुठंही कामाला गेलेलं माणूस होळीला गावी येतंच, त्या दिवशी घरातलं कोणी बाहेर राहत नाही. आई म्हणाली, "आनतो माय, दरसाल आनतो. माया लेकराची शपथ." माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली.

मी सुगंतीला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. एसटीला वेळ होता. ती रडली नाही. शालिकला पदराखाली घेऊन पाजत बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली.  गाडी आली, ती चढली. खिडकीत बसायला जागा होती, पण ती पलीकडच्या बाजूला बसली.

मिशननं काय ते कागद केले आणि मुलगी आमची झाली. आईनं तिचं नाव सुजाता ठेवलं, आमच्या घरात शोभेल असं. पहिल्या होळीला सुजाताला खोकला होता. खरंच होता, पण असा खोकला पोरांना असतोच. दुसऱ्या होळीला बाबांच्या बदलीचं काहीतरी. तिसऱ्या होळीला आई म्हणाली, आता नेलं तर पोर बावचळून जाईन, जरा समज येऊ द्या. बाबांनी एकदा, त्यांच्या चार वाक्यांतलं एक खर्च करून विचारलं, "शेवंते, तू शब्द देल्ला होता ना?" आई म्हणाली, "तुमाले काय कयते?" आणि तो विषय आमच्या घरातून उठला. मी तोवर नर्सिंगला अकोल्याला गेले होते. सुटीत यायचे, सुजाताच्या वेण्या घालायचे. मीही विचारलं नाही.

सुगंती मात्र यायची. होळी होऊन गेली की पुढच्या आठवड्यात, कुटकी नाहीतर मोहाची फुलं घेऊन. आई तिला बसवायची, चहा द्यायची, लुगडं द्यायची, सगळं रीतसर. आणि सुजाताला आधीच शेजारी पाठवलेलं असायचं, किंवा माझ्याबरोबर बाजाराला. एकदा-दोनदा समोरासमोर झाल्या त्या. सुजाता आईच्या मागं उभी राहून एका डोळ्यानं बघायची आणि नंतर विचारायची, "ते बाई कोन होती?" आई म्हणायची, "दवाखान्यातली." पुढं एका वर्षी सुगंती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आई निःश्वास टाकून म्हणाली, "विसरली माय. त्यांच्यात असंच असते." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं की खरं झालं. मी, मेळघाटातली पोरं आयुष्यभर हाताळलेली नर्स, मीही ते मानलं. लोक अजून मला सांगतात, तुमच्या आईनं केवढं पुण्य केलं, एका आदिवासी पोरीला जीवदान दिलं. दिलंच. त्यात खोट नाही. सुजाता अमरावतीला राजापेठेत राहते, शाळेत गणित शिकवते, हो, गणित, मी ज्यात आपटले तेच. तिची दोन मुलं इंजिनिअरिंगला आहेत. आईचं म्हातारपण तिनं काढलं, मी नाही. शेवटपर्यंत आईला चमच्यानं पेज तिनं पाजली. आईवर तिचा जीव होता आणि आईचा तिच्यावर माझ्याहून जास्त होता, हे मी कबूल करते, आणि मला त्याचं आता वाईटही वाटत नाही.

सुजाताला सगळं माहीत होतं, मोठी झाल्यावर आईनंच सांगितलं होतं. पण आई होती तोवर तिनं एक चकार शब्द काढला नाही. आई गेली, वर्षश्राद्ध आमच्यात करत नाहीत, पुण्यानुमोदन झालं, आणि त्याच संध्याकाळी भांडी आवरताना तिनं मला विचारलं, "ताई, तिले सोडाले तू गेली होती ना? रडली होती काय ते?" मी म्हटलं, नाही. तिनं भांडं पुसून ठेवलं. "होळीले जाऊ," म्हणाली.

या होळीला आम्ही दोघी गेलो, धारणीच्या पुढं, तिच्या मुलानं गाडी चालवली. गाव सापडायला त्रास झाला नाही, पोरांनी रस्त्यात दोर धरून फगवा, होळीचे पैसे, मागितला आणि सुगंतीचं नाव सांगताच घरापर्यंत पळत आली. शालिक, पाठीवरच्या झोळीतला तो, आता डोक्याला टक्कल पडलेला माणूस, वन खात्यात मजूर. त्यानं आम्हाला खाट टाकली. सुगंती आतून आली. वाळून एवढीशी झाली होती, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी तिला ओळखलं असतं की नाही, सांगता येत नाही. तिनं मला ओळखलं. सुजाताकडं मात्र तिनं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, दुसऱ्याच्या ताटाकडून काढावी तशी. आणि मला विचारलं, "बाई कैसी है?"

मी म्हटलं, बाई गेली. मागच्या साली.

सुगंती खाली बसली आणि गळा काढून रडायला लागली. माझ्या आईसाठी. आजूबाजूच्या बाया जमल्या, त्यांना काही कळेना, कोण गेलं म्हणून त्या शालिकला विचारत होत्या. मी पण रडले. सुजाता ताठ उभी होती. तिच्या हातात साडीची पिशवी होती, ती तिनं छातीशी धरलेली. रडणं थोडं ओसरल्यावर ती शालिकला म्हणाली, आवाज कोरडा, वर्गात विचारतात तसा, "तिले विचारा, येनं काहून बंद केलं?"

शालिकनं विचारलं.  सुगंती तिच्या भाषेत सावकाश, जमिनीकडं बघत बोलली, आणि शालिक आम्हाला एकेक वाक्य सांगत गेला.

"माय म्हणते, मी गेली की बाईचे हात कापत होते. कपबशी वाजत होती तिच्या हातात. मी पोरीले न्याले आली असं तिले वाटे. माय म्हणते, बाईनं माई पोर जगवली. तिच्या घरी जाऊन तिले दरसाल कशाले भेववावं? म्हणून नाई गेली."

 पलीकडं ढोल वाजत होता. सुजातानं सगळं ऐकलं होतं, माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं, तरी तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "काय म्हणाली ते?"

मी तिला परत सांगितलं.